शिवानीची मुलाखत आणि माझा बंदोबस्त

घ्या, आधी चहा घ्या. गार झाला तर मला बोलायचं नाही. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो, पण मधे कुणी हसायचं नाही. हसायचं ते शेवटी. आणि हा किस्सा आमच्या शेजारच्या गड्डम काकूंच्या तोंडून ऐकला असेल तर तो विसरून जा. त्यांच्या किश्शात त्या बेशुद्ध पडतात. साफ खोटं! बेशुद्ध कुणीही पडलं नव्हतं. पळाले मात्र सगळे.

मी बिराजदार. शाळेत पी.टी.चा मास्तर होतो, आता रिटायर. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. हा माझा हळू आवाज आहे बरं का! मैदानाच्या या टोकाला उभं राहून मी 'सावधान' म्हटलं की त्या टोकाची पोरं तर ताठ व्हायचीच, पण रस्त्यावरचा रिक्षावालाही ब्रेक मारायचा. शाळेनं मला कधी माईक दिला नाही. कशाला देतील?

जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. घरात आम्ही तिघं. मी, बायको महादेवी आणि मुलगी शिवानी. आता एका घराला आवाजाचा जेवढा कोटा मिळतो तो सगळा मी एकट्यानंच वापरून टाकल्यामुळे पोरीच्या वाट्याला काही उरलंच नाही. इतकं हळू बोलते की दुकानदार तिला दोन-दोनदा विचारतो, "काय पायजे ताई?" पण डोकं? एकदम तल्लख! कॉम्प्युटरची डिग्री घेतली पोरीनं. घेतली आणि अर्ज करत बसली. अर्जावर अर्ज! कुठून उत्तर नाही. आलंच तर 'आम्ही कळवू' एवढंच. कुणी कळवलं नाही. आधीच कमी बोलणारी पोरगी, ती जेवताना 'भाजी वाढ' सुद्धा म्हणेना. ताट पुढं सरकवायची नुसती. मला ते बघवत नव्हतं.

आणि मग एके दिवशी बंगळूरच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं! म्हणजे बोलावलं असंही नाही. आपण आपल्या घरात बसायचं, त्यांनी त्यांच्या ऑफिसात बसायचं आणि मधे लॅपटॉप. काम काय? तर मोबाईलमध्ये ती ॲप असतात ना, ती लोकांच्या हातात जायच्या आधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या. टेस्टिंग म्हणतात त्याला.

महादेवीनं पहिलं फर्मान काढलं, "हे बघा, कुणाला सांगायचं नाही. आधी बोभाटा केला की काम होत नसतंय." सांगताना तिनं बघितलं माझ्याकडेच. घरात दुसरं होतं कोण बोभाटा करायला?

ठीक आहे. नाही सांगत. पण तयारी तर करून घेऊ? मी लागलो. "शिवानी, पाठ ताठ! हनुवटी वर! प्रश्न आला की उत्तर धाडकन!" मी खुर्चीत बसायचो, ती समोर बसायची, आणि मी साहेब होऊन प्रश्न विचारायचो. एकदा तर मी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' असं विचारलं की भिंतीपलीकडून गड्डम काकू ओरडल्या, "मराठीत इचारा वो सर, मंग सांगते!"

त्यावर शिवानीनं डोळे मिटले. मग अगदी हळू, नेहमीसारखं म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकच काम करा. तुम्ही फक्त शांतता ठेवा."

आता मला सांगा, या वाक्याचा अर्थ काय होतो?

कुणाही शहाण्या माणसाला कळेल. पोरीला म्हणायचं होतं, पप्पा, गप्प बसा. पण मला काय ऐकू आलं? की शांततेचं खातं माझ्याकडे दिलं! म्हणजे मुलाखत चालू असताना आमच्या कॉलनीत पान हललं तर जबाबदार मी! छाती अशी फुगली माझी. पोरीनं पहिल्यांदा बापावर काहीतरी सोपवलं होतं की हो!

दुसऱ्याच दिवशी बंदोबस्ताला निघालो.

आधी गड्डम काकू. बाई लई प्रेमळ, पण शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेतात, आणि चटणी उखळातच कुटतात. मिक्सरला हात लावणार नाहीत. ठक, ठक, ठक, सकाळपासून सुरू. मी म्हटलं, "काकू, उद्या अकरा ते बारा कुटायचं नाही."

"का वो सर? काय झालं?"

आता सांगायचं तर नव्हतं! मी गंभीर चेहरा केला. "आत्ता काही विचारू नका. उद्या कळेलच."

"अय्यो," काकू म्हणाल्या आणि हातातलं मुसळ खाली ठेवलं.

मग रफीक. हा आमच्याच शाळेचा, माझ्याच हाताखालून गेलेला. आता केळ्यांची गाडी लावतो. गाडीवर भोंगा असतो, त्यात त्याचाच आवाज भरून ठेवलाय. तो बिचारा पुढं शांतपणे केळी मोजतो आणि भोंगा मागं बोंबलतो. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. बोभाटा नको म्हणून आवाज होईल तितका खाली आणला. "रफीक, उद्या अकरा ते बारा आमच्या गल्लीत भोंगा नको."

रफीक माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "सर, तुम इत्ता हळू कायकू बोलरे? तबियत बरोबर है ना?"

"आहे. पण उद्याचा दिवस जरा अवघड आहे रे."

"क्या हुआ सर?"

मी नुसती त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि निघून आलो. मला वाटलं, काय सफाईनं गुपित राखलं आपण!

मुलाखतीच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो मला अजून पाठ आहे. मलाच काय, अख्ख्या कॉलनीला पाठ आहे. 'आज सकाळी अकरा ते बारा बिराजदार सरांच्या घराजवळ सर्वांनी कृपया शांतता राखावी. गाड्या बंद करून ढकलत न्याव्यात. टीव्ही, मिक्सर लावू नये. मुलांना खेळू देऊ नये. या प्रसंगी आपले सहकार्य अपेक्षित आहे. बिराजदार परिवार.'

कसा आहे? मला तर लई भारी वाटला. कमी शब्दांत सगळं आलं. फक्त कारण तेवढं आलं नाही.

मेसेज टाकला आणि माझा फोन बंद केला. महादेवीचाही बंद केला. दोन्ही कपाटात! न जाणो, मधेच कुणाचा फोन वाजला तर?

मग घर. मुलाखत बेडरूममध्ये होती. कॅमेऱ्यात मागची कॉट दिसत होती. गाद्या, उशा, रजया, बरं दिसतं का ते? मी कॉट उचलली आणि बाहेर अंगणात नेऊन उभी केली. हॉलमधून चालताना पावलं वाजू नयेत म्हणून सोफा भिंतीला सारून पूर्ण सतरंजी अंथरली. आमची डोअरबेल फार मोठ्यानं वाजते, ती कुणी दाबूच नये म्हणून पुढचं दार सताड उघडं ठेवलं. आहे की नाही डोकं?

महादेवी या सगळ्याकडे बघत होती. तिनं देवासमोर दिवा लावला आणि उदबत्त्यांचा अख्खा जुडगाच पेटवला. आता मला उदबत्तीनं शिंका येतात. आणि माझी शिंक म्हणजे साधी शिंक नव्हे. एकदा परीक्षेच्या हॉलवर मी शिंकलो तर पोरांनी वेळ संपली समजून पेपर आणून दिले होते.

"अगं, विझव ती उदबत्ती!"

"देवापुढची? आजच्या दिवशी? तुम्हाला काय कळतं का काय?"

तेवढ्यात अकरा वाजत आले. शिवानी आत गेली. जाताना माझ्याकडे बघून जरा हसली. ओठ कोरडे पडले होते पोरीचे. दार लावलं तिनं आणि मी बघतो तर दाराखाली ही एवढी फट! सगळा आवाज आत जाणार की. काय करावं? सतरंजीवरच फटीला लागून लांबच्या लांब आडवा झालो. पाठीनं फट बुजली. आणि नाकात उदबत्ती जाऊ नये म्हणून अंगावर जाड चादर घेतली, डोक्यावरून पायापर्यंत. आपल्या सोलापूरची चादर ती, तिच्यातून आवाज काय, वारा जात नाही.

महादेवीला मी आधीच ताकीद दिली होती की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. ती भिंतीला टेकून बसली. काळजीनं तिचा घसा दाटून येतो आणि मग खोकला येतो, म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला.

आता हे चित्र जरा डोळ्यापुढं आणा. अंगणात कॉट. दार सताड उघडं. हॉलमध्ये सतरंजी. देवाजवळ दिवा, उदबत्त्यांचा धूर. भिंतीशी बायको, तोंडाला पदर. आणि दारात डोक्यावरून चादर घेऊन आडवा मी.

मला हे चित्र दिसत नव्हतं हो! मी चादरीच्या आत होतो.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. माझ्या मेसेजखाली आमच्या कोपऱ्यावरच्या देशपांड्यांनी विचारलं, 'काय झालं सर?' उत्तर नाही. फोन लावला तर बंद. वहिनींचा लावला, तोही बंद. मग गड्डम काकूंनी ग्रुपवर आवाज भरून पाठवला की सर काल येऊन सांगून गेले वो, उद्या कळेल म्हणून. आणि रफीकनं सांगितलं की कल सर का आवाजच निकलता नव्हता. माझा! आवाज! निकलता नव्हता! ते वाचल्यावर कुणाला शंका राहणार? एकानं घराबाहेरून चक्कर मारली, अंगणातली कॉट बघितली आणि ग्रुपवर लिहिलं, 'ओम शांती.' झालं! पुढं नुसते हात जोडलेले. कॉलनीत एक गृहस्थ वैराग गावचे आहेत. ते माझ्या मेव्हण्याला, मल्लिनाथला ओळखतात. त्यांनी माणुसकीच्या नात्यानं वैरागला फोन लावला.

मी चादरीत पडून ऐकत होतो. काय शांतता! भोंगा नाही, उखळ नाही, एक गाडी नाही. मला अगदी भरून आलं. मनात म्हटलं, काय कॉलनी आहे आपली! एका शब्दावर अख्खी कॉलनी गप्प!

दारामागून शिवानीचा आवाज यायचा. हळू, पण न अडखळता. इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होती. मी देवाला म्हटलं, एवढं होऊ दे.

मग सतरंजीवर पावलं आल्यासारखी वाटली. अनवाणी, दबकत. एक, दुसरं, आणखी कुणीतरी. बांगड्या वाजल्या. गड्डम काकू महादेवीशेजारी बसल्या होत्या. महादेवीला वाटलं, झालं, यांनी बोभाटा केलाच! सगळे शिवानीला शुभेच्छा द्यायला आले. पण बोलता येईना, म्हणून तिनं नुसती मान हलवली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरताच काळजीनं दाटलेलं सगळं तिच्या डोळ्यांत आलं. ती रडायलाच लागली.

काकूंनी कानाशी लागून विचारलं, "किती वाजता झालं वो?"

महादेवी पदराआडून कुजबुजली, "अकराला सुरू झालं."

"लई त्रास झाला काय?"

"काल रात्रीपासून. जेवण नाही, झोप नाही."

"मंग आता?"

"आता सगळं देवाच्या हातात."

काकूंनी सुस्कारा सोडला. "पुढं नेणार कुटं?"

"बंगळूरला."

"बंगळूरला?" काकूंना काही कळेना. "हितं सोय नाही?"

"हितं कुठली आलीय सोय! सगळे तिकडंच जातात आता."

मी चादरीत पडून हे शब्द न् शब्द ऐकलं. आणि खरं सांगतो, मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही. उलट मी मनात म्हटलं, बरोबर बोलतेय, इथं आयटीची सोय नाहीच.

तेवढ्यात कुणीतरी दाराकडे कान देऊन कुजबुजलं, "पोरगी आत एकटीच इंग्रजीत बोलतीय वो."

"धक्का बसलाय बिचारीला," गड्डम काकू म्हणाल्या.

आणि मग फाटकाबाहेर मोटारसायकल थांबली. चालू इंजिनासकट! मी दात खाल्ले. कोण हा बेशिस्त?

"दाजीऽऽऽ!"

मल्लिनाथ! हा वैरागहून आत्ता कशाला तडफडला? आणि हा टाहो का फोडतोय? आमच्या घराण्यात माझ्या खालोखाल आवाज कुणाचा असेल तर या माणसाचा. तो तसाच धावत आत आला. "दाजी, आसं कसं वो गेलासा? परवा तर मला फोनवर शिव्या घातल्या की तुमी!"

महादेवीनं पदर सोडला आणि दोन्ही हातांनी त्याला गप्प राहायच्या खुणा केल्या. तोंडावर बोट ठेवलं. आत बोट दाखवलं.

"आक्का, मला गप करू नगंस! रडू दी मला!" मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आन् दाजींना आजून आडवंच ठेवलंय व्हय? बसवलं न्हाय? एक माणूस न्हाय का रं हितं कळतं?"

आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस गेला की त्याला झोपवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात. शेवटचं नेतातही बसवूनच. मल्लिनाथला या सगळ्याची माहिती चांगली. त्यानं चादरीवरूनच माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला वर ओढायला सुरुवात केली.

आता माझी अडचण समजून घ्या. एक तर मला काखेत हात लागलेला सहन होत नाही. दुसरं, अर्धा तास दाबून ठेवलेली शिंक नाकाच्या शेंड्यावर बसली होती. आणि तिसरं, माझ्या बंदोबस्ताचे तीन तेरा वाजत होते!

मी शिंकलो.

चादर उडाली. मल्लिनाथ मागं पडला. आणि मी ताडकन उभा राहून, जन्मात कधी लावला नसेल असा आवाज लावून ओरडलो, "आवाऽऽज बंद!"

काय सांगू तुम्हाला! हॉल एवढुसा, त्यात अख्खी कॉलनी. एकच किंकाळी फुटली. "अय्यो देवुडा!" म्हणत गड्डम काकू बसल्या जागेवरून उठल्या त्या थेट आपल्या अंगणात. रफीक माझ्यासाठी हार घेऊन आला होता. त्यानं तो हार घाबरून माझ्याच गळ्यात फेकला आणि पळाला. देशपांडे कॉटला अडखळले. अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा, नुसत्या चपलांचा ढीग.

आणि मागं दार उघडलं.

शिवानी दारात उभी होती. कानाला हेडफोन. तिच्या मागं टेबलावर लॅपटॉप, तोंड बरोबर दाराकडे. उजेड चांगला पडावा म्हणून टेबल तसं मीच लावलं होतं. पडद्यावर एक मॅडम आणि एक साहेब. दोघं अगदी पुढं वाकून बघत होते. त्यांना दिसला मी. खांद्यावर चादर, गळ्यात झेंडूचा हार, डोळ्यांत शिंकेचं पाणी.

महादेवीचा बांध आता फुटला. मराठी राहिली बाजूला, ती माहेरच्या कन्नडवर गेली, "अय्यय्यो, येन माडिद्री!" म्हणजे काय करून बसलात हो!

पडद्यातल्या मॅडमनी ते ऐकलं आणि त्यांनीही कन्नडमध्येच विचारलं, "येनायतु अम्मा?" काय झालं म्हणून.

वर्षभर वाट बघून पोरीला एक दार उघडलं होतं आणि मी ते... पुढचा विचार करवेना. चादरीच्या टोकानं डोळे पुसले. सगळे समजले शिंकेचं पाणी आहे. समजू दे.

"मॅडम, दोन मिनिटं द्या," शिवानी म्हणाली. इंग्रजीतच, पण खणखणीत. मी चमकून बघितलं. हा आवाज कुणाचा? मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, बसा."

मी बसलो. जिथं उभा होतो तिथंच, सतरंजीवर.

"लोक का आले?"

"मी गेलो असं समजून."

"तसं का समजले?"

"कॉट... कॉट बाहेर ठेवली म्हणून."

"त्याच्या आधी काय झालं?"

"मेसेज टाकला."

"मेसेजात काय लिहिलं? आहे तसं सांगा."

मी आहे तसं सांगितलं. म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं आणि शेवटचं 'बिराजदार परिवार' तर तोंडातून नीट निघेना.

"आणि मग फोन चालू ठेवला?"

"बंद केला. दोन्ही."

तिनं मान हलवली. हसली नाही, रागावलीही नाही. मल्लिनाथ कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता, त्याला म्हणाली, "मामा, पाणी प्या." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

नंतर समजलं. मल्लिनाथ यायच्या जरा आधी साहेबांनी तिला प्रश्न विचारला होता की एखादी गोष्ट बिघडली तर चूक कुठं झाली हे तू कसं शोधशील? आत जाऊन ती म्हणाली, "सर, आत्ताचंच सांगते." आणि सुरुवातीपासून सांगितलं. काय दिसलं, लोकांना काय वाटलं, एकातून दुसरं कसं वाढत गेलं आणि पहिली चूक कुठं होती. त्यात नाव, गाव, आईचं कन्नडमधलं ओरडणंसुद्धा काही लपवलं नाही. साहेब हसले नाहीत म्हणे. मॅडमनी मात्र मधे कॅमेरा बंद केला होता आणि परत आल्या तेव्हा डोळे लाल होते.

मुलाखत बरी गेली का, विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही." त्या दिवशी मी कुणालाच काही विचारायच्या लायकीचा नव्हतो.

दुपारी गड्डम काकू आल्या. हातात पातेलं, वर भाकऱ्या. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून सकाळीच पिठलं करून ठेवलं होतं बाईंनी. "आता टाकून कशाला द्यायचं वो सर? तुमच्याच नावानं केलेलं हाय." बसलो आम्ही सगळे जेवायला. स्वतःच्या मयताचं पिठलं कुणी खाल्लंय का तुमच्यापैकी? मी खाल्लंय. दोनदा वाढून घेतलं. चांगलं झालं होतं.

संध्याकाळी फोन चालू केला. माझ्याबद्दल लोकांनी काय काय लिहिलं होतं! 'शिस्तीचा भोक्ता.' 'आवाज मोठा, मन त्याहून मोठं.' मी वाचत बसलो. छान वाटत होतं हो. आपण जिवंतपणी असं ऐकतो कुठं? रफीकनं लिहिलं होतं, 'सर मारते थे, लेकिन बाद में केला देते थे.' ते मी दोनदा वाचलं. आणि त्याखाली देशपांड्यांनी लिहिलं होतं, 'कॉलनीत आता पहाटे झोप लागेल, पण करमणार नाही.'

आठवडा असाच गेला. शिवानी मेल बघायची, मी तिच्याकडे बघायचो, महादेवी माझ्याकडे बघायची. ते तिसरं बघणं मला सगळ्यात जड जायचं.

मग एका सकाळी पोरगी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. पडदा आईपुढं धरला. महादेवीला इंग्रजी येत नाही, पण पोरीचं तोंड वाचता येतं. ती हातातलं पीठ न धुताच पोरीच्या गळ्यात पडली. मला मात्र शिवानीनं आधी हातानं खूण करून बजावलं, पप्पा, ओरडायचं नाही. मी ओरडलो नाही. शपथ! मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला, टॉवेल तोंडात धरला आणि मग ओरडलो. तरी काकूंनी भिंतीपलीकडून विचारलंच, "झालं काय वो काम?"

आता ती बंगळूरला असते. परवा दोन दिवस घरी आली होती, तर घरूनच ऑफिसचं काम चालू. मी तिला चहा द्यायला गेलो तर फोनवर कुणा साहेबांशी बोलत होती. आता चांगलं मोठ्यानं बोलते. म्हणत होती, "सर, काल चार पप्पा सापडले. तीन काढले. एक राहिलाय. जुना आहे, लई हट्टी आहे, एकीकडून काढला की दुसरीकडून निघतो. पण उद्यापर्यंत त्यालाही संपवते."

मी चहा टेबलावर ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. फोन ठेवल्यावर विचारलं, "शिवानी, हे काय चाललंय?"

पोरगी लाजली. म्हणाली, "पप्पा, रागवू नका. त्या दिवसापासून आमच्या मॅडमनी चुकीला तेच नाव पाडलंय. चांगल्या मनानं केलेली, पण सगळा घोळ करून ठेवणारी चूक असली की तिला आमच्याकडं 'पप्पा' म्हणतात."

म्हणजे बघा! जन्मभर मैदानावर घसा फोडला, सोलापुरात कुणी माझं नाव कशाला दिलं नाही. आणि तिकडं बंगळुरात रोज सकाळी अख्खं ऑफिस कामाला बसतं ते मला शोधून काढून टाकायलाच!